त्या कवचाची चिठ्ठी कोणी कापली?

लिंबादा, तुझ्यावर अन्याय झाला तो बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, आपल्या गावच्या गायरानात, नाल्याच्या खालच्या अंगाला. जागा, वार, वेळ मुद्दाम लिहितोय. तूच म्हणायचास, जागा आणि दिवस लिहिलेला नसेल तर हाड म्हणजे नुसतं हाड, ते कुत्र्यापुढं टाकलेलं बरं. अन्याय करणारे कोण तेही लिहितो. एक, गावचा सरपंच. दोन, त्याच्या मागं मागं फिरणारा तलाठी. तीन, मी.

तिसऱ्याचं नाव खरं तर आधी यायला पाहिजे होतं. पण मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात शत्रू वर असतो आणि आपण सगळ्यात खाली, ‘आपला’ असं लिहून.

तू कुठं जन्मलास, किती शिकलास, मागं कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते शोकसभेत सांगून झालं, आणि ज्यांनी सांगितलं त्यातले अर्धे जण मागच्या रविवारी तुला जय भीम घालायला तयार नव्हते. तुला न ओळखणाऱ्यांसाठी एवढंच: परभणीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात तू चौदा वर्षं रोजंदारीवर शिपाई होतास. बरण्या पुसायच्या, सांगाडे झाडायचे, मेलेल्या पाखराच्या पोटात कापूस भरायचा आणि त्याच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर नाव, जागा, दिवस, आणलं कोणी. चौदा वर्षं तू हेच केलंस. नोकरीत कायम झाला नाहीस. बरण्यांमधले साप मात्र कायम झाले.

मला तू पहिल्यांदा नीट कळलास तो मोर्चाच्या दिवशी. विद्यापीठाच्या नामांतरासाठी आम्ही निघालो होतो, पळापळ झाली, माझं डोकं फुटलं आणि मी रक्ताळलेला सदरा घेऊन तुझ्या कॉलेजच्या मागच्या दारानं आत शिरलो. तू एक शब्द न विचारता मला काचेच्या कपाटामागं स्टुलावर बसवलंस. तुझ्या हातांना फॉर्मॅलिनचा वास होता, त्याच हातांनी पट्टी बांधलीस. तेवढ्यात तुझे प्राध्यापक आले आणि हा कोण म्हणून विचारलं. तू मान खाली घालून म्हणालास, “नवा नमुना आलाय सर. चिठ्ठी बांधायची ऱ्हायली.” सर हसले आणि गेले. मी हसलो नाही. मला वाटलं, हा माणूस फार वाकतो. आज वाटतं, त्या दिवशी तू त्यांना दारातून आत एक पाऊल टाकू दिलं नाहीस आणि त्यांना ते कळलंही नाही. माझ्या सगळ्या भाषणांनी मिळून अजून एकाही साहेबाला असं दारात थांबवलेलं नाही.

तुझी ती लांब वही. रेघा मारून पानाचे दोन भाग केलेले, डावीकडं माळढोक, उजवीकडं लांडगा. वर्ग: पक्षी, सस्तन. गण: इकडं क्रौंचाचा, तिकडं मांसाहारी. कुल वेगळं, प्रजाती वेगळी. खाली ‘जाती’ हा रकाना आला की मी चिडायचो. तू म्हणायचास, पुस्तकात हाच शब्द हाय, मी काय करू, पोट तर भरायचं. मग अधिवास. तिथं मात्र तू दोन्ही बाजूंना मिळून एकच ओळ लिहिली होतीस, मधली रेघ खोडून: उघडा माळ, कमी गवत, लांबवर नजर जाईल अशी जागा. माळढोक उघड्यावर नुसती जमीन खरवडून एकच अंडं घालतो. लांडगी नाल्याच्या दरडीत बीळ करते. आणि शेवटी संरक्षण. दोघंही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. मारला तर तुरुंग.

मी म्हणालो होतो, दादा, एक पाखरू आणि एक कुत्र्याचा भाऊ, यांचा एकमेकांशी संबंध काय? एका पानावर कशाला आणलेस?

“नातं काईच न्हाई,” तू म्हणालास. “पर माळ एकच हाय. एकाचा गेला की दुसऱ्याचा बी गेलाच.”

मी तेव्हा म्हणालो की आपल्या पोरांना मारलं तर कोणाला तुरुंग होतो ते मला दाखव, मग मी तुझं पाखरू बघायला येतो. तू वही मिटलीस. तरी भादव्यात मला वरच्या माळावर घेऊन गेलासच. दोन तास पालथं पडून राहिलो, मुंग्या चावल्या, माझ्या मनात सगळा वेळ मंगळवारच्या सभेचा विचार. माझा घसा त्या आठवड्यात पार बसलेला होता. तू कानात म्हणालास, “घोषणा दिऊन घसा बसविलास ते लय बेस झालं मिल्या. पाखरू उडायचं न्हाई.” आणि मग माळढोकाची मादी आली. मान ताठ, पाय मोजून टाकत, पंचनाम्याला आलेल्या फौजदारासारखी. मी तुला तेव्हा सांगितलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता.

आपल्या दोघांचं भांडण सगळ्या गावाला माहीत आहे, पण अर्धंच माहीत आहे, म्हणून पुरं लिहितो. नाल्याच्या खालची गायरान जमीन आपल्या अकरा घरांनी दगड वेचून, काटे काढून बारा वर्षं पेरली. ज्वारी, मूग, कधी नुसती करडई. आता जुनी अतिक्रमणं नावावर करायची असं सरकार बोलायला लागलं आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. अकरा घरांशिवाय आपल्या वस्तीत आणखी घरं आहेत, ज्यांच्याकडं ओंजळभर माती नाही. मी म्हणालो, नाल्याच्या वरचा माळही धरायचा. यंदा वर नांगर घालायचा. सगळे हो म्हणाले. तू एकटा उठलास.

तू म्हणालास, खालचं आपलं हाय, त्यासाठी मी रक्त सांडीन. वरचं मुरमाड हाय, तिथं हाताएवढं बी कणीस यायचं न्हाई, आणि तीन सालापासून पाखरू तिथंच बसायलंय. मी विचारलं, तू पाखराच्या बाजूनं की माणसाच्या? लोक हसले. तू म्हणालास की तू नाल्याच्या बाजूनं. नाल्याच्या खाली माणूस, वर पाखरू, पाणी मधून जाऊ द्या. कोणी ऐकलं नाही. मी ऐकू दिलं नाही. तुझं बोलणं लांबायला लागलं की मी घोषणा द्यायचो. ती माझी जुनी खोड आहे आणि ती मी विरोधकांवर वापरायला शिकलो होतो.

नंतर शाळेच्या स्नेहसंमेलनात मास्तरांनी तुला तुझी वही घेऊन बोलावलं. तू मोठा तक्ता रंगवून आणलास, माळढोक आणि लांडगा शेजारी शेजारी. टेबलावर लांडग्याची कवटी आणि कापसात ठेवलेलं माळढोकाच्या अंड्याचं फुटकं कवच. पिल्लू निघून गेल्यावर तू ते वरच्या माळावरून उचललेलं. कवचाला दोऱ्यानं चिठ्ठी: नाव, दिवस, आणि जागा, नाल्याच्या वर, दोन दगडी ढिगाऱ्यांच्या मधी, उचललं लिंबाजीनं. पोरांनी हात लावून लावून ती चिठ्ठी मळवली. संमेलन झाल्यावर सगळं शाळेच्या कपाटात गेलं. कपाटाची दुसरी किल्ली सरपंचाकडं असते हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण शाळेची खडूची पेटी पण त्याच्याच घरून येते.

मग तो गुरुवार.

आम्ही अकरा घरांची माणसं बांधावर उभी. तालुक्याचे साहेब जीपमधून उतरले. तलाठ्यानं फडक्याची घडी उलगडली आणि साहेबांपुढं कवच धरलं. म्हणाला, याच पेरणीच्या रानात मिळालं, हे बघा पंच, हे बघा अंगठे, दुर्मिळ पक्ष्याची जागा या लोकांनी नांगरून टाकली. पाच पंच लांब, बोलणं ऐकू जाणार नाही असे, जीपच्या मागं उभे होते. सरपंच फेट्याचा शेव सारखा करत होता. कवचाला चिठ्ठी नव्हती. दोऱ्याचं टोक तेवढं लोंबत होतं, हे मी बघितलं होतं, लिंबादा. बघितलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

तू गर्दीतून पुढं आलास आणि म्हणालास, “साहेब, हे माझं हाय. मी आणलेलं हाय.”

तुला पुढं काय म्हणायचं होतं हे आज मला माहीत आहे. हे इथलं नाही, वरचं आहे, याची चिठ्ठी कुठं गेली, कापली कोणी. एवढंच म्हणायचं होतं. आणि हेही आज मला कळतंय की ते बोलताना तू काय पणाला लावत होतास. असं कवच घरी बाळगणं हाही गुन्हा धरता येतो, तू कायद्याची ती कलमं आमच्यापेक्षा जास्त वाचली होतीस. चौदा वर्षांची रोजंदारी एका वाक्यात जाऊ शकत होती. तरी तू म्हणालास, माझं हाय.

मी तुला दुसरं वाक्य बोलू दिलं नाही. मला ऐकू आलं ते इतकंच की आपल्या माणसानं त्यांना पुरावा आणून दिला. मी ओरडलो. माझ्यामागं सगळे ओरडले. तू हात वर केलास, तोंड हलत होतं, आवाज पोचत नव्हता. सरपंच हसला. त्याला काही करावंच लागलं नाही. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले.

शनिवारी मी परभणीला जाऊन पत्रक छापलं. रविवारी गावात वाटलं, राहिलेलं ताडकळसच्या बाजारात. त्यात तुझं नाव होतं आणि नावापुढं जो शब्द होता तो मी इथं पुन्हा लिहिणार नाही. छापखान्यातला माणूस म्हणाला होता की घरच्याच माणसाचं नाव घालताय, एक दिवस थांबा. मी म्हणालो, चळवळ थांबत नाही. फार आवडलं होतं मला माझं ते वाक्य.

सोमवारी तुझ्या घरून सुमनवहिनी आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ते म्हणायलेत, उद्या सकाळी वर चल. दगडाचे ढिगारे दावतो, दोरीनं मोजून दावतो. दोन माणसं संगं पायजेत म्हणायलेत, साक्षीला.” मी पत्रकांचा गठ्ठा बांधत होतो. मान वर न करता म्हणालो, त्याला म्हणावं आधी पाखराला विचार. वहिनींनी पदर डोक्यावर ओढला आणि त्या गेल्या. त्या आणखी सहा दारांत गेल्या हे मला नंतर कळलं. सहाही घरांत माझं पत्रक होतं.

मंगळवारी तू एकटा गेलास. वैशाखातलं ऊन, वर एक झाड नाही. दुपारी सटवाजी मेंढक्याला तू दिसलास, एका ढिगाऱ्याला पाठ टेकून बसलेला. त्याला वाटलं, टेहळणी करायलाय, नेहमीसारखा. हाक मारली. मग जवळ गेला.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. लिहिलंही तसंच. मी त्यांच्याशी भांडणार नाही. ऊन लागलंच होतं. पण सोबत दोन माणसं असती तर एकानं सावली धरली असती आणि एक पाण्याला पळाला असता.

तिसऱ्या दिवशी सटवाजी तुझ्या दारात आला. आत आला नाही. काठी आडवी ठेवून उकिडवा बसला. तुला तो आवडायचा. लांडग्यानं त्याची मेंढरं नेली की तो तुलाच शिव्या द्यायचा, जणू लांडगा तू पाळलेला, आणि तू त्याला चहा पाजून सांगायचास की बीळ धूर घालून मारू नको, जागा सांग. धनगर माणूस लांडग्याशी कसा वैर धरतो आणि तरी त्याची जागा कशी ओळखतो, हे तू त्याच्याकडून वहीत उतरवून घेतलं होतंस. माळढोकाची जागा तुला पहिल्यांदा दाखवली ती पण त्यानंच.

मी त्याच्यापुढं बसलो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “ते टरफल लिंबाजीनं माझ्यासमोर उचलेलं हाय. वरून. मीच दावलं होतं.”

मग पंच म्हणून अंगठा का दिलास, मी विचारलं.

“मला म्हणले लांडग्याचा कागद हाय. दोन कोकरं नेली माझी. मेंढराचा पंचनामा हाय, लाव अंगठा. लावला.” मग म्हणाला, “आमा पाचाला बी तेच सांगितलं. पाखराचं नावच न्हाई काढलं कुणी.”

लिंबादा, हे ऐकून मला तुझी वही आठवली. एका पानावर दोन जनावरं. तू त्यांना एकत्र आणलंस ते माळ वाचावा म्हणून. तलाठ्यानं त्यांना एकत्र आणलं ते माणसं उठवावीत म्हणून. लांडग्याच्या नावानं अंगठे घेतले आणि माळढोकाच्या कागदावर उमटवले. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणता कागद कोणत्या जनावराचा हे कोण सांगणार? तू सांगितलं असतंस. गुरुवारी तू तेच सांगायला पुढं आला होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सटवाजीला घेऊन वर गेलो. दोन्ही ढिगारे जागेवर आहेत. त्यांच्या मधी तुझी दोरी पडलेली होती, नाल्याच्या काठापासून ताणत आणलेली, वावावावर, म्हणजे दोन हात पसरल्याएवढ्या अंतरावर, गाठ मारलेली. तुझं मोजणं पूर्ण झालं होतं. मी गाठी मोजल्या, सटवाजीनंही मोजल्या, आकडा एकच आला. पेरणीच्या रानाची हद्द नाल्याच्या खाली संपते आणि ही जागा तिथून चांगली लांब, चढावर आहे. आंधळ्याला कळेल.

तुझं माझं एक भांडण मात्र राहिलंच. वरच्या माळात नांगर घालायचा की नाही. तू मेलास म्हणून मी हो म्हणणार नाही, तुला ते आवडलं नसतं. ज्यांना काहीच नाही त्या घरांना मी काय सांगू, याचं उत्तर तुझ्या वहीत नाही. मी वही शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर लांडग्याच्या रकान्यात फक्त एक ओळ आहे, यंदा पिल्लं तीन. माळढोकाचा रकाना कोरा आहे. यंदा पाऊस पडल्यावर तो कोणी भरायचा? मी वर जाऊन पालथा पडेन, इतकंच आज सांगू शकतो. त्यापुढचं भांडण मी एकट्यानं कसं करू ते मला माहीत नाही. तू अर्ध्यात उठून जाणारा माणूस नव्हतास.

वहिनींनी मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. त्या फक्त म्हणाल्या, पत्रक छापायला येतं ना तुला, मग छाप. म्हणून हा कागद.

आता तुझ्याशी बोलणं थांबवतो आणि जे हे वाचतायत त्यांच्याकडं वळतो.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तालुक्याच्या कचेरीत त्या पंचनाम्यावर सुनावणी आहे. तो कागद खरा धरला गेला तर पेरणीच्या आधी अकरा घरं गायरानातून उठतील, आणि त्यांना उठवणारा म्हणून लिंबाजीचं नाव कायमचं कागदावर राहील. सटवाजी येणार आहे. माझा अंगठा खोटं सांगून घेतला, हे तो साहेबांपुढं सांगणार आहे. मीही माझं पत्रक तिथंच, सगळ्यांसमोर, मागं घेणार आहे. पण एक अंगठा पुरत नाही. बाकीचे चार पंच: दोघं मेंढरंवाल्यांच्या घरचे, दोघं सरपंचाकडं सालानं राहिलेले. मी त्यांची नावं छापत नाही. एकदा नाव छापून काय होतं ते बघितलंय. गावात सगळ्यांना ती माहीत आहेत.

त्या चौघांना हा कागद वाचता येणार नाही. तुम्हाला येतो. तो घडी घालून खिशात ठेवू नका. आज उठा, त्यांच्या दारात जा, आपण कोणत्या जनावराच्या कागदावर अंगठा दिला हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि सोमवारी अकराच्या आत त्यांना सोबत घेऊन कचेरीत या. त्यांना एकटं पाठवू नका.